एक-दोन घरं भाड्याने देणाऱ्यांसाठी: हिशोबापासून किल्ली परत घेईपर्यंत

दहा घरं भाड्याने दिलेल्या माणसाचं एक घर रिकामं पडलं तर त्याचं उत्पन्न दहा टक्क्यांनी घटतं. ज्याचं एकच घर आहे त्याचं उत्पन्न शून्यावर येतं, आणि कर्जाचा हप्ता, मालमत्ता कर, इमारतीचा देखभाल खर्च मात्र चालूच राहतो. मोठ्या मालकांचे नियम छोट्या मालकाला लागू पडत नाहीत ते यामुळेच. त्याच्याकडे सरासरी नावाची गोष्टच नसते. म्हणून भाडं किती मागायचं, कोणाला घर द्यायचं, नळ आज बदलायचा की पुढच्या महिन्यात, असे सगळे निर्णय रिकाम्या महिन्याचा विचार करून घ्यायचे. पुढची मांडणी हिशोबापासून किल्ली परत घेईपर्यंत, त्या क्रमाने आहे. भाडेकायदा आणि कर ठिकाणानुसार बदलतात, त्यामुळे डिपॉझिटची मर्यादा, नोटिशीची मुदत आणि करार नोंदवण्याचे नियम आपल्या ठिकाणचे काय आहेत ते आधी वाचून ठेवा.

आधी कागदावर: भाड्यातलं हाती किती उरतं

चलन कोणतंही असो, हिशोब सोपा व्हावा म्हणून महिन्याचं भाडं १०० धरू. वर्षाचे झाले १२००. आता वजाबाकी:

- दोन वर्षांत एक महिना घर रिकामं: वर्षाला ५०
- भाडेकरू बदलताना रंगाचा हात, सफाई, जाहिरात किंवा दलाली मिळून ६०. दर दोन वर्षांनी म्हणून वर्षाला ३०
- मालमत्ता कर आणि इमारतीचा देखभाल खर्च: १५०
- विमा: १५
- किरकोळ दुरुस्त्या: ६०
- मोठ्या कामांसाठी बाजूला टाकायचे: १२०

एकूण ४२५. उरले ७७५, म्हणजे महिन्याला साधारण ६५. आता समजा कर्जाचा हप्ता ७० आहे. भाडं शंभर, हप्ता सत्तर, म्हणजे महिन्याला तीस सुटतात असं मालकाला वाटत असतं. प्रत्यक्षात त्याला वर्षाला ६५ पदरचे घालावे लागतात, आणि हे त्याला तिसऱ्या-चौथ्या वर्षी न्हाणीघराचं काम निघतं तेव्हा कळतं.

वरचे आकडे नमुन्याचे आहेत, तिथे स्वतःचे घाला. पण एकही ओळ गाळू नका. "आमचं घर कधी रिकामं राहत नाही" म्हणून पहिली ओळ खोडणारे बरेच असतात, आणि नेमकी तीच ओळ सगळ्यात जास्त दुखवते.

याच आकड्यांवरून परतावाही काढा. घराची किंमत ३०,००० असेल तर वर्षाचं भाडं ४ टक्के दिसतं. खर्च वजा केल्यावर ते २.६ टक्क्यांच्या आसपास येतं. घर ठेवायचं की विकायचं, दुसरं घ्यायचं की नाही, हा विचार दुसऱ्या आकड्यावर करायचा. हप्ता मात्र या परताव्यात धरायचा नाही. घर कसं चाललंय आणि कर्ज कसं घेतलंय हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

कर्जाचा व्याजदर बदलता असेल तर आणखी एक गणित आत्ताच करून ठेवा. २० वर्षांच्या कर्जाचा दर ८ वरून १० टक्के झाला तर हप्ता सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो. ७० चा हप्ता ८० च्या पुढे गेला तर ती तफावत कुठून भरणार, हे बँकेचं पत्र येण्याआधी ठाऊक असलेलं बरं.

राखीव पैसा: दोन वेगळे डबे

एक डबा रिकाम्या महिन्यांचा. त्यात तीन ते सहा महिन्यांचा सगळा खर्च, हप्त्यासकट. एकच घर असेल तर सहाच धरा.

दुसरा डबा मोठ्या कामांचा. त्यात किती टाकायचे याचा टक्का सांगणारे पुष्कळ भेटतात, पण टक्क्यापेक्षा घरातल्या वस्तूंवरून काढलेला आकडा खरा ठरतो. एक यादी करा: पाणी साठवणारा गीझर साधारण ८ ते १२ वर्षं, बाहेरचा रंग ५ ते ७, फ्रिज किंवा एसी १० ते १५, न्हाणीघराची फरशी आणि तिच्याखालचं वॉटरप्रूफिंग १० ते १५. प्रत्येकाची आजची किंमत घ्या आणि उरलेल्या वर्षांनी भागा. १० वर्षं टिकणाऱ्या गीझरची सात वर्षं झाली असतील तर पूर्ण किंमत उरलेल्या तीन वर्षांत जमवायची आहे, दहा वर्षांत नाही. जुनं घर नव्याने विकत घेतलेले मालक इथेच फसतात. वस्तू जुन्या, राखीव डबा कोरा. अशा वेळी पहिली दोन-तीन वर्षं भाड्यातून काही काढायचंच नाही असं ठरवून टाकावं.

डिपॉझिट या दोन्ही डब्यांत जात नाही. ते भाडेकरूला परत करायचं देणं आहे आणि ते वेगळ्या खात्यात पडून राहायला हवं. जुन्या भाडेकरूचं डिपॉझिट नव्याच्या डिपॉझिटमधून फेडायची वेळ आली, की नवा भाडेकरू मिळेपर्यंत जुन्याला ताटकळत ठेवावं लागतं आणि भांडण ठरलेलं.

घर द्यायच्या आधी: दोन दिवसांची तपासणी

घर रिकामं असतं तेव्हाच या चाचण्या नीट होतात. नंतर पलंग-कपाटं आली की भिंतीही दिसत नाहीत.

पाण्यापासून सुरुवात करा. सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा शेवटच्या लाल अंकापर्यंत लिहून घ्या. तासाभराने पुन्हा पाहा. आकडा हलला असेल तर कुठेतरी गळतंय. मग फ्लशच्या टाकीचा कॉक बंद करून पुन्हा तासभर थांबा. आता आकडा थांबला तर दोषी टाकीच. मीटर नसेल तर टाकीच्या पाण्यात खायच्या रंगाचे थोडे थेंब टाका आणि फ्लश न करता पंधरा-वीस मिनिटांनी भांड्यात बघा. रंग उतरला असेल तर टाकीच्या तळाचं रबर गेलं आहे. सुटा भाग अगदी स्वस्त असतो, पण ही गळती आवाज न करता महिनोन्‌महिने चालू राहते.

न्हाणीघराचं वॉटरप्रूफिंग तपासायला पाणी साठवून बघावं लागतं. निचऱ्याचं तोंड बोळ्याने घट्ट बंद करा, उंबऱ्याच्या खालीच राहील इतकं, दोन-तीन सेंटिमीटर पाणी भरा आणि भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा. चोवीस तास तसंच ठेवा. बाष्पीभवनाने पातळी काही मिलिमीटर उतरते, ते चालतं. खरी तपासणी खालच्या मजल्याच्या छताची आणि शेजारच्या खोलीच्या भिंतीच्या तळाची. खालच्या रहिवाशांना आधी सांगून ठेवा. त्यांच्या छतावर आधीपासूनच डाग असेल तर त्याचा फोटो पाणी भरण्यापूर्वीच घ्यायचा. डाग नंतर वाढला का, हे त्यावरूनच कळतं.

भिंतीवर ओल दिसत असेल तर ती आतून येते की हवेतली वाफ थंड भिंतीवर जमते, हे ठरवल्याशिवाय रंगाऱ्याला बोलावू नका. हातभर लांबी-रुंदीचा जाड प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर ठेवून चारही कडा टेपने बंद करा. एक दिवसाने बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला थेंब असतील तर ओल भिंतीतून येते: पाइप, बाहेरची भेग किंवा गच्ची शोधा. खोलीकडच्या, बाहेरच्या बाजूला दमटपणा असेल तर प्रश्न हवा खेळण्याचा आहे आणि एक्झॉस्ट पंख्याने भागेल. कारण न शोधता पुट्टी-रंग केला तर एका पावसाळ्यात पोपडे निघतात आणि नवा भाडेकरू पहिल्याच वर्षी नाराज होतो.

वीज. आरसीसीबीवर (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) 'टेस्ट' असं लिहिलेलं बटण असतं, ते दाबल्यावर स्विच लगेच पडायला हवा. नाही पडला तर तो बदलल्याशिवाय घर देऊ नये. माणसाला झटक्यापासून वाचवायला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. त्याहून मोठ्या आकड्याचा बसवला असेल तर तो आगीपासून संरक्षण देईल, माणसाला नाही. मग घरातले सगळे एमसीबी (बोर्डावरचे छोटे सुरक्षा स्विच) पाडून मीटरकडे बघा. त्यावरचा दिवा तरीही लुकलुकत असेल तर मीटरपासून घरापर्यंतच्या वायरीत दोष आहे किंवा जिन्यातला दिवा, पंप असं काहीतरी तुमच्या मीटरवर जोडलेलं आहे. गीझर वीस मिनिटं चालवा, बंद करा आणि प्लग काढून बघा. पिना काळवंडल्या असतील किंवा सॉकेटला जळका वास येत असेल तर सॉकेट आतून सैल झालंय. आगीची सुरुवात इथूनही होऊ शकते.

गॅसच्या नळीवर छापलेली तारीख बघा, जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा. न्हाणीघरात गॅसवरचा गीझर असेल आणि धूर बाहेर नेणारी वाट नसेल तर तो काढून टाका, दुरुस्त करत बसू नका. बंद खोलीत तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि अंघोळ करणाऱ्याला काही कळायच्या आत शुद्ध हरपते. यात काटकसर नाही.

दाराच्या बऱ्याच कुलपांचा फक्त सिलिंडर, म्हणजे किल्ली जाते तो आतला भाग, बदलता येतो, पूर्ण कुलूप बदलायची गरज नसते. प्रत्येक नव्या भाडेकरूच्या वेळी बदला. जुन्या किल्लीच्या किती नकला फिरतायत हे कोणीच सांगू शकत नाही.

भाड्याचा आकडा

आसपासच्या, तेवढ्याच आकाराच्या आणि तशाच सोयींच्या किमान पाच घरांची भाडी काढा. जाहिरातीतला आकडा नको, व्यवहार ज्यावर झाला तो हवा. दलाल, शेजारी, इमारतीचा व्यवस्थापक यांच्याकडून तो कळतो.

मग हे गणित. १०० ला भाडेकरू तयार आहे, पण १०५ मिळतील म्हणून तुम्ही महिनाभर थांबलात. गेले शंभर, महिन्याला जास्तीचे मिळणार पाच. तोटा भरून यायला वीस महिने लागतात, आणि तोवर बऱ्याचदा तो भाडेकरू जायला निघालेला असतो. दोन आठवड्यांत कोणी बघायलाच आलं नाही तर भाडं जास्त आहे. लोक येतात पण परत फोन करत नाहीत, तर अडचण घरात आहे: वास, उजेड, रंग, न्हाणीघर. तिथे भाडं कमी करण्याआधी घर सुधारा.

भाडेकरू निवडताना

निकष आधी लिहून काढा आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच लावा. जात, धर्म, एकटा-विवाहित यावरून माणसं गाळणं चुकीचं आहेच, शिवाय त्यावरून भाडं वेळेवर येईल की नाही हेही कळत नाही. कळतं ते या गोष्टींवरून: भाडं घराच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण एक तृतीयांशाच्या आत बसतं का, उत्पन्न गेल्या तीन महिन्यांच्या बँक उताऱ्यात खरंच दिसतं का, आधीच्या घरात किती काळ राहिले आणि का सोडलं.

आधीच्या मालकाला फोन कराल तेव्हा सध्याच्या मालकापेक्षा त्याच्या आधीच्या मालकाचं मत जास्त मोलाचं धरा. सध्याच्या मालकाला कदाचित तो भाडेकरू एकदाचा जायलाच हवा असतो, त्यामुळे तो भरभरून कौतुक करतो. "भाडं महिन्याच्या कोणत्या तारखेला यायचं?" आणि "पुन्हा घर द्याल का?" एवढे दोनच प्रश्न विचारा आणि दुसऱ्या प्रश्नावर तो किती वेळ घेतो तेही ऐका. नोकरीची खात्री करायची तर भाडेकरूने दिलेल्या क्रमांकावर नको, कंपनीचा क्रमांक स्वतः शोधून त्यावर करा.

तीन महिन्यांचं भाडं रोख देतो पण आजच किल्ली द्या, असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. सभ्य घाई असते, पण कागदपत्र टाळणारी घाई वेगळीच असते.

करार

छापील नमुना आणून नावं भरली की करार झाला असं समजू नका. वाद ज्या गोष्टींवरून होतात त्या नमुन्यात बहुधा मोघम असतात. या गोष्टी आकड्यांत लिहा: भाड्याची तारीख, सवलतीचे दिवस आणि उशिराचा दंड; डिपॉझिट किती, कशासाठी कापता येईल, घर सोडल्यावर किती दिवसांत परत; किती रकमेपर्यंतची किरकोळ दुरुस्ती भाडेकरूची आणि त्यावरची मालकाची; नोटिशीची मुदत दोघांसाठी; वार्षिक वाढ किती टक्के; राहणाऱ्यांची नावं; पोटभाडेकरू ठेवता येईल का; मालक घर बघायला येणार तर किती आधी कळवणार; बिलं कोणाच्या नावावर आणि कोण भरणार.

किरकोळ दुरुस्तीची मर्यादा फार वर ठेवू नका. भाडेकरूला स्वतःच्या खिशातून भरायचं असलं की तो गळती सांगतच नाही.

ताब्याचा दिवस

प्रत्येक खोलीचे चारही कोपऱ्यांतून फोटो, मग दोषांचे जवळून फोटो: टाइलची भेग, ओट्यावरचा ओरखडा, दाराचा फुगलेला तळ. पाणी, वीज, गॅस यांच्या मीटरचे आकडे फोटोसकट. पंखे, दिवे, किल्ल्या, रिमोट यांची संख्या. या सगळ्याची दोन पानी यादी, दोघांच्या सह्या, दोन प्रती. भाडेकरूला सात दिवस द्या आणि सांगा की यादीत राहून गेलेलं काही सापडलं तर लिहून कळवा. यात मालकाचाच फायदा आहे, कारण त्यानंतर "हे आधीपासूनच होतं" म्हणायला जागा उरत नाही. फोटो एकाच ईमेलने दोघांच्याही पत्त्यावर पाठवा. पाठवल्याची तारीख आपोआप नोंदली जाते.

पूर्ण डिपॉझिट आणि पहिलं भाडं खात्यात जमा झाल्यावरच किल्ली द्यायची. पाठवल्याचा स्क्रीनशॉट पुरावा धरू नका.

दर महिन्याची वही

घरांसाठी वेगळं बँक खातं ही पहिली पायरी. घरखर्च आणि भाडं एका खात्यात असेल तर वर्षाअखेरीला कोणता खर्च कशाचा हे शोधण्यात दिवस जातात आणि करात मिळू शकणाऱ्या वजावटी सुटतात.

वही साधी स्प्रेडशीट असली तरी पुरे. रकाने सात: तारीख, कोणतं घर, शीर्षक, कोणाकडून किंवा कोणाला, जमा, खर्च, पावती क्रमांक. शीर्षकं दहापेक्षा जास्त नकोत: भाडं, कर, देखभाल खर्च, विमा, दुरुस्ती, सुधारणा, कर्जाचं व्याज, कर्जाची मुद्दल, दलाली-कायदेशीर खर्च, डिपॉझिट. चाळीस शीर्षकांची वही तिसऱ्या महिन्यात बंद पडते.

यातल्या दोन जोड्या वेगळ्या का ठेवायच्या ते सांगायला हवं. व्याज आणि मुद्दल: बऱ्याच देशांत व्याज पूर्ण किंवा काही प्रमाणात खर्च धरलं जातं, मुद्दल मात्र धरली जात नाही. बँकेचा हप्ता दोन्हींचा मिळून येतो, म्हणून बँकेकडून वर्षाचा विभागलेला दाखला मागून घ्या. दुसरी जोडी दुरुस्ती आणि सुधारणा. फुटलेल्या चार टाइल बदलल्या तर दुरुस्ती. पूर्ण न्हाणीघर नव्याने केलं तर बहुतेक ठिकाणी ती सुधारणा ठरते आणि एका वर्षात खर्च न दाखवता घराच्या मूळ किमतीत मिळवावी लागते. सुधारणेच्या पावत्या घर विकेपर्यंत, आणि त्यानंतर कर खातं सांगेल तितकी वर्षं सांभाळायच्या. विकताना नफा मोजला जातो तेव्हा त्या हातात नसतील तर तेवढ्या रकमेवर फुकटचा कर पडतो. छापील पावत्या चकचकीत कागदावरच्या असतील तर मिळाल्या दिवशी फोटो काढा. त्या कागदावरची अक्षरं एक-दोन वर्षांत उडतात.

भाड्यासाठी एक वेगळं पान ठेवा: महिना, येणं, जमा, जमा झाल्याची तारीख, बाकी. मार्चचं भाडं एप्रिलमध्ये आलं तरी ते मार्चच्या ओळीत लिहायचं. भाडेकरू दर महिन्याला थोडं थोडं उशिरा सरकत चाललाय हे या पानावर दोन-तीन महिन्यांत दिसतं. बँकेच्या उताऱ्यात ते सहज दिसत नाही.

महिन्यातला एक दिवस पक्का करा आणि अर्धा तास द्या: बँकेची शिल्लक वहीशी जुळवा, राखीव डब्यांत ठरलेली रक्कम टाका, येत्या महिन्यातले कर-विमा-नूतनीकरणाचे दिवस बघा. शिल्लक जुळली नाही तर त्याच दिवशी शोधा. दोन महिन्यांची चूक शोधायला चारपट वेळ लागतो.

भाडं थकलं तर

पहिल्या उशिराला मालक काय करतो त्यावर पुढची सवय ठरते. वेळापत्रक आधीच ठरवून ठेवलं की राग आणि संकोच दोन्ही बाजूला राहतात. तारीख उलटल्यावर तिसऱ्या दिवशी साधा संदेश. सातव्या दिवशी फोन, आणि फोनवर जे ठरलं ते लगेच लेखी. दहाव्या दिवशी रक्कम, महिना आणि दंड स्पष्ट लिहिलेलं पत्र. पंधराव्या दिवशी समोरासमोर बसून हप्त्यांचा लेखी आराखडा, किंवा कायद्याने सांगितलेली नोटीस.

नोकरी गेली, आजारपण आलं, अशा खऱ्या अडचणीत हप्ते पाडून देणं मालकाच्याही हिताचं असतं, पण हप्त्यांच्या तारखा लिहिलेल्या हव्यात आणि चालू भाडं वेळेवर हवं. चालू भाडंही थांबलं तर आराखडा मोडला असं समजून पुढचं पाऊल उचला. डिपॉझिट संपेपर्यंत वाट बघणं ही सगळ्यात महाग पडणारी भिडस्तपणाची सवय आहे.

अर्धी रक्कम घेताना पावतीवर "अंशतः जमा, बाकी इतकी" असं लिहा आणि ती आधी सगळ्यात जुन्या थकबाकीत वळती करा. नोटीस दिल्यानंतर पैसे स्वीकारले तर काही ठिकाणी नोटीस कमजोर होते, तेव्हा त्या टप्प्यावर आधी वकिलाला विचारा. पाणी-वीज तोडणं, कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं हे बहुतेक सगळीकडे बेकायदा आहे. हक्काचे पैसे मागणारा मालक त्याने स्वतःच आरोपी होतो.

दुरुस्त्या

तक्रार लेखीच घ्या, फोटोसकट. मग तीन गटांत टाका. जिवाला किंवा इमारतीला धोका असेल (गॅसचा वास, ठिणग्या, फुटलेला पाइप) तर त्याच तासात माणूस पाठवा. राहणं अवघड करणारं असेल (संडास तुंबला, पाणी नाही, फ्रिज बंद) तर एक-दोन दिवसांत. बाकीचं पंधरा दिवसांत, आणि तारीख सांगून.

पाण्याचा मुख्य कॉक आणि विजेचा मुख्य स्विच कुठे आहे हे भाडेकरूला पहिल्या दिवशी दाखवून ठेवलंत तर फुटलेल्या पाइपचं नुकसान बादलीभर पाण्यावर थांबतं. प्लंबर आणि वायरमन प्रत्येकी दोन तरी ओळखीचे हवेत. एकच असला की नेमका सणासुदीला तो गावी असतो.

वर्षातून एकदा, आधी कळवून, घर बघून या. बघायचं काय? ओट्याखालची मोरी, फ्लशच्या टाकीमागची भिंत, खिडक्यांखालचे कोपरे, गच्चीचा निचरा. घर किती नीटनेटकं ठेवलंय हा तुमचा विषय नाही.

भाडेवाढ

दरवर्षी थोडी वाढ ही पाच वर्षांनी एकदम मोठी वाढ करण्यापेक्षा दोघांनाही सोसते. चांगल्या भाडेकरूला वाढ सांगण्याआधी बदलीचा खर्च मांडा: महिनाभर रिकामं १००, रंग-सफाई ४५, जाहिरात-दलाली १५, मिळून १६०. बाजारभाव ११० असताना १०४ वर तो राहायला तयार असेल आणि तुम्ही ११० साठी हटून बसलात, तर सहाच्या फरकासाठी एकशे साठ पणाला लागले; भरून यायला सुमारे सत्तावीस महिने. उलट बाजारभाव १३० झालाय आणि तुम्ही १०० वरच आहात, तर ती सवलत दरमहा तीसची आहे हे निदान आकड्यात बघा आणि मग ठरवा.

घर सोडताना

नोटीस आली की त्याच आठवड्यात भाडेकरूसोबत एकदा घर बघा, ताब्याच्या दिवशीची यादी हातात घेऊन. काय दुरुस्त करून द्यायचं ते तेव्हाच सांगितलं तर बरंचसं काम तोच करतो आणि डिपॉझिटचा वाद निम्म्यावर येतो. जाहिरातही तेव्हाच द्या, घर रिकामं झाल्यावर नको.

कापायचं किती, हे वापराने झालेली झीज आणि नुकसान वेगळं करून ठरतं. रंग फिका पडणं, फरशी थोडी घासणं ही झीज, ती भाड्यात आली. दाराला पडलेलं भोक, तुटलेलं बेसिन हे नुकसान. नुकसानीतही वस्तूचं वय मोजा: पाच वर्षं टिकणारा रंग तीन वर्षांचा झाला असताना भिंत खराब केली तर रंगकामाच्या दोन पंचमांश रक्कम भाडेकरूची, बाकी तुमची. पूर्ण कापलीत तर न्यायालयात टिकणं कठीण.

शेवटच्या दिवशी मीटरचे आकडे, किल्ल्यांची मोजणी, त्याच कोपऱ्यांतून पुन्हा फोटो. राहिलेली बिलं अंतिम आकड्यावरून काढा. बिल अजून आलं नसेल तर गेल्या तीन महिन्यांच्या सरासरीएवढी रक्कम राखून उरलेलं डिपॉझिट मुदतीत परत करा, आणि सोबत एका पानाचा हिशोब द्या: मूळ रक्कम, प्रत्येक कपात, तिची पावती, परत केलेली रक्कम, तारीख. बिल आलं की राखून ठेवलेल्या रकमेचा फरकही त्याच पानावर मिटवून दोघांच्या सह्या घ्या.